बैलघोडा हॉस्पिटलचे पेटिट शेठ

आपली दिवाळी सुरू होते ती वसुबारसेला. लक्ष्मीपूजन, पाडवा, भाऊबीज सगळं त्यानंतर. पहिला मान गाय-वासराचा. आता रियाधमध्ये सवत्स धेनू कुठून आणणार? मग कुणी दिवाणखान्यात रांगोळीनं गाय-वासरू काढतं, कुणी गावाहून आणलेली पितळेची छोटी जोडी पुढ्यात ठेवतं, आणि बत्ह्याच्या बाजारातून आणलेल्या गवारीची भाजी करून सण साजरा होतो. पोळ्याला बैलाची पूजा, नागपंचमीला नागाची, वसुबारसेला गाईची. वर्षातून एकेक दिवस आपण जनावरांना छान वाटून दिला आहे. पण उरलेल्या दिवसांचं काय? हा प्रश्न ज्यांनी गांभीर्यानं घेतला, आणि नुसता घेतला नाही तर त्याची कायमची सोय करून ठेवली, अशा एका मुंबईकराची ही गोष्ट आहे.

ज्यांना कधी परळला केईएम, वाडिया किंवा टाटा हॉस्पिटलच्या वाऱ्या कराव्या लागल्या असतील त्यांना त्याच परिसरातलं ‘बैलघोडा हॉस्पिटल’ नक्की ठाऊक असेल. गिरणगावातल्या चार पिढ्यांनी त्याला ह्याच नावानं ओळखलं. पाटीवरचं नाव मात्र लांबलचक आहे, बाई साकरबाई दिनशॉ पेटिट जनावरांचं रुग्णालय. यातल्या साकरबाई म्हणजे सर दिनशॉ माणेकजी पेटिट यांच्या पत्नी. पत्नीचं नाव देऊन दिनशॉ शेठनी हे हॉस्पिटल १८८३ साली उभं केलं आणि ते आजही चालू आहे.

दिनशॉंचा जन्म ३० जून १८२३ चा, मुंबईचा. घराणं मूळचं सुरतेचं. आजोबा १८०५ च्या सुमारास मुंबईला आले. पारशी कुटुंबाला हे फ्रेंच आडनाव कसं चिकटलं याची गोष्ट गमतीची आहे. या घराण्यातले एक पूर्वज फ्रेंच व्यापाऱ्यांकडे दुभाषाचं आणि जहाजांच्या मालाचं काम बघत. अंगानं ते ठेंगणे. फ्रेंच भाषेत ‘पेटिट’ म्हणजे लहान. साहेबांनी गमतीनं मारलेली हाक पुढे सगळ्या घराण्याचं आडनाव झाली. आपल्याकडे गावावरून, धंद्यावरून, स्वभावावरून आडनावं पडतात, त्यातलाच हा प्रकार.

दिनशॉ नऊ वर्षांचे व्हायच्या बेतात होते तेव्हा मुंबईत एक विलक्षण घटना घडली. भटक्या कुत्र्यांचा त्रास कमी करावा म्हणून कंपनी सरकारनं उन्हाळ्यात कुत्री मारायचा हुकूम काढला होता आणि मारलेल्या प्रत्येक कुत्र्यामागे आठ आणे बक्षीस ठेवलं होतं. आठ आण्यांच्या लोभानं शिपायांनी पाळीव कुत्रीसुद्धा सोडली नाहीत. पारशी धर्मात कुत्र्याला फार मान. माणूस गेला की अंत्यविधीत कुत्र्याची नजर मृतदेहावर पडणं आवश्यक मानलं जातं. त्यामुळे पारशी मंडळी खवळली. जून १८३२ मध्ये कोट भागात दुकानं बंद झाली, हिंदू, जैन आणि मुसलमान व्यापारीही त्यांना सामील झाले, आणि अखेर सरकारला सैन्य बोलवावं लागलं. दोन वर्षांनी, १८३४ मध्ये, जमशेटजी जीजीभाई आणि अमीचंद शहा यांच्या पुढाकारानं भुलेश्वरला पांजरपोळ सुरू झाली. बेवारशी, म्हाताऱ्या, निकामी जनावरांना मरेपर्यंत दाणावैरण मिळण्याची सोय झाली. वाढत्या वयाच्या दिनशॉंच्या भोवतीची मुंबई ही अशी होती.

शाळा फार लांबली नाही. सतराव्या वर्षी ते डिरॉम, रिचमंड आणि कंपनी या इंग्रज पेढीत कारकून म्हणून लागले. पगार महिना पंधरा रुपये. वडील माणेकजी त्याच पेढीत मोठ्या जागेवर होते, पण मुलाची सुरुवात पंधरा रुपयांपासूनच झाली. आपल्यातले बरेच जण इथे पहिल्या नोकरीवर आले तेव्हाचा पगार आठवून पाहा, म्हणजे या आकड्याचं महत्त्व कळेल. पुढे दिनशॉ स्वतः युरोपियन पेढ्यांचे दलाल झाले. १८५० च्या दशकात मुंबईत कापडगिरण्या सुरू झाल्या. कावसजी दावर यांची ताडदेवची गिरणी पहिली. तिच्यापाठोपाठ पेटिट घराण्यानं या धंद्यात पाय रोवले. १८५९ साली वडील वारले आणि कारभार दिनशॉ व त्यांच्या भावांकडे आला.

त्यानंतर आला अमेरिकेतल्या यादवी युद्धाचा काळ. १८६१ ते १८६५ या वर्षांत तिकडचा कापूस इंग्लंडला मिळेना, म्हणून मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. जो तो शेअर घेत सुटला. १८६५ मध्ये युद्ध संपलं आणि एका उन्हाळ्यात मुंबईतली मोठमोठी नावं धुळीला मिळाली. पेटिट त्यातून तगले. त्यांचा पैसा कागदापेक्षा यंत्रांत आणि गिरण्यांत गुंतलेला होता. पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत त्यांच्या कारभाराखाली एकामागून एक गिरण्या उभ्या राहिल्या आणि मुंबईचे ते पहिल्या फळीतले गिरणीमालक ठरले.

आता त्या काळची मुंबई डोळ्यांसमोर आणा. ट्रक नाही, टेंपो नाही, क्रेन नाही. सगळं शहर जनावरांच्या खांद्यावर चालत होतं. कापसाच्या गाठी बंदरावरून आणि बाजारातून गिरणीत जायच्या त्या खटाऱ्यात, बैलांच्या जोडीवर. ९ मे १८७४ ला मुंबईत ट्राम सुरू झाली, तीही घोड्यांची. ती विजेवर गेली १९०७ साली. व्हिक्टोरिया आणि टांगे वेगळेच. तबेल्यांत म्हशी. आणि घोडे यायचे कुठून? त्यातले पुष्कळसे अरबस्तानातून! इथल्या नज्द भागातले व्यापारी घोड्यांचे कळप घेऊन कुवेत किंवा बसऱ्याला जात आणि तिथून जहाजानं मुंबईला आणत. रियाध हे त्याच नज्दमधलं शहर. आपण इथे नोकरीला आलो त्याच्या शंभर-सव्वाशे वर्षं आधी इथली जनावरं पोटासाठी नव्हे, पण कामासाठी आपल्या मुंबईला जात होती.

कामाचं जनावर म्हणजे यंत्र, अशीच बहुतेकांची दृष्टी. जू घासून मानेला खांदेसूज आली तरी बैल गाडीला जुंपायचा. लंगडणाऱ्या घोड्याला चाबूक मारून चढ चढवायचा. गाडीवानाला दोष देणं सोपं आहे, पण त्याचीही रोजची चूल त्या बैलावरच पेटत होती. एक दिवस बैल उभा राहिला की त्या दिवशी घरात दाणा नाही. दयेचा उपदेश करून हा पेच सुटणारा नव्हता.

लंडनमध्ये १८२४ साली जनावरांवरच्या क्रौर्याला आळा घालणारी संस्था निघाली. कलकत्त्याला तशी संस्था १८६१ मध्ये आली. मुंबईची संस्था १८७४ ची, म्हणजे नेमकी घोड्यांची ट्राम सुरू झाली त्याच वर्षाची. तिची माणसं रस्त्यावर फिरत, जखमी जनावर जुंपलेलं दिसलं की पकडून कोर्टात उभं करत. पण मग पुढे? गाडीवानाला दंड झाला, जखमी बैल मात्र पुन्हा त्याच्याच हातात. पांजरपोळीत टाकावा तर तो कायमचा गेला, गाडीवान उपाशी. गरज होती ती तिसऱ्या वाटेची. जनावराला ठेवून घ्यायचं, बरं करायचं आणि मालकाला परत द्यायचं. दिनशॉंनी परळला दिलेली जागा आणि इमारत नेमकी यासाठी होती.

मला वाटतं दिनशॉंचं खरं मोठेपण इथे आहे. पांजरपोळ जनावराला आसरा देते, हॉस्पिटल त्याला बरं करतं. आसऱ्याला दाणावैरण पुरते. बरं करायला जाणकार लागतो. त्या वेळी जनावरांचा शिकलेला डॉक्टर म्हणजे बहुधा लष्कराच्या घोड्यांसाठी आलेला गोरा साहेब. हॉस्पिटल बांधलं तरी चालवणार कोण? म्हणून तीन वर्षांत, १८८६ साली, त्याच आवारात मुंबईचं सरकारी पशुवैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं. लाहोरचं १८८२ मध्ये निघालं होतं. मद्रासला असं कॉलेज यायला १९०३ साल उजाडलं. परळला सकाळी दारात आलेले बैल-घोडे हेच विद्यार्थ्यांचं पुस्तक. एकाच जागी जनावरांना उपचार मिळाले आणि शिकाऊ मुलांना अनुभव.

कॉलेजचे पहिले प्राचार्य जॉन हेन्री स्टील. त्यांचा अभ्यास होता ‘सर्रा’ या रोगाचा. घोडे, खेचरं आणि उंट यांना होणारा, ताप आणून जनावराला झिजवत नेणारा हा रोग. त्याचा रक्तातला जंतू ग्रिफिथ इव्हान्स यांनी १८८० मध्ये पंजाबात शोधला होता, आणि स्टील यांनी ब्रह्मदेशात त्याचा पाठपुरावा केला. आज सौदी अरेबियातल्या उंटांचे डॉक्टर ज्या रोगांवर नजर ठेवून असतात त्यात हाच सर्रा आहे. परळच्या त्या आवारातलं ज्ञान आणि इथल्या वाळवंटातला उंट यांचा संबंध असा जवळचा आहे. स्टील १८९१ मध्ये तरुणपणीच गेले, पण कॉलेज टिकलं. आता ते नागपूरच्या महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाखाली आहे.

कायदाही मागोमाग आला. १८९० साली सबंध ब्रिटिश हिंदुस्थानासाठी प्राण्यांवरील क्रूरतेला बंदी करणारा कायदा झाला. जास्त दूध निघावं म्हणून तबेल्यांत गाई-म्हशींवर ‘फुका’ नावाचा अघोरी प्रकार करत, तो या कायद्यानं गुन्हा ठरवला. स्वातंत्र्यानंतर त्याची जागा १९६० च्या कायद्यानं घेतली. त्यात तर स्पष्ट तरतूद आहे की मॅजिस्ट्रेट दुखावलेलं जनावर उपचारासाठी पाठवू शकतो, कामाला लायक होईपर्यंत ते तिथे राहील आणि खर्च मालकानं द्यायचा. कागदावरच्या अशा तरतुदीला अर्थ येतो तो पाठवायला जागा असेल तरच.

इथवर सगळं गोड आहे. पण दिनशॉंचं चरित्र सांगताना एक गोष्ट डोळ्याआड करता येत नाही. आपल्यातल्या अनेकांचे आजे-पणजे गिरणीत होते, तेव्हा ती सांगायलाच हवी.

ज्या वर्षांत परळला बैलांना विसावा मिळत होता, त्याच वर्षांत आसपासच्या गिरण्यांत कामगार दिवस उगवल्यापासून मावळेपर्यंत उभा होता. आठवड्याची ठरलेली सुट्टी नव्हती. १८८१ च्या फॅक्टरी कायद्यानं सात वर्षांच्या मुलालाही कामावर घ्यायची मुभा होती, बाराव्या वर्षापर्यंत दिवसाला नऊ तास. सप्टेंबर १८८४ मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईत गिरणी कामगारांच्या सभा भरवल्या. मागण्या साध्या होत्या: रविवारची सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, पगार वेळेवर आणि कामावर इजा झाली तर बरं होईपर्यंत पगार. साडेपाच हजार कामगारांचा अर्ज सरकारी कमिशनपुढे गेला. गिरणीमालकांना असले निर्बंध नको होते, आणि त्यांच्या संघाचं अध्यक्षपद त्या दशकात दिनशॉ पेटिट यांच्याकडे होतं. २४ एप्रिल १८९० ला महालक्ष्मीच्या मैदानावर दहा हजार कामगार जमले, बायकांनीही व्यासपीठावरून आपलं म्हणणं मांडलं, आणि १० जून १८९० ला मालकांच्या संघानं रविवारची सुट्टी मान्य केली. त्याच १८९० मध्ये दिनशॉ बॅरोनेट झाले, आणि जनावरांचा कायदाही त्याच वर्षीचा.

खांदेसूज आलेल्या बैलाची कळ ज्यांना कळली त्यांना चौदा तास उभ्या असलेल्या पोराची कशी कळली नाही? याचं उत्तर मला वाटतं असं आहे. बैलाला दया दाखवताना शेठचा कारभार बदलत नव्हता, माणसाला सुट्टी देताना मात्र बदलत होता. दान देणं सोपं, आपल्याच धंद्याचे नियम बदलणं कठीण. हा दोष एकट्या पेटिट शेठचा नाही, त्या काळच्या सगळ्या मालकवर्गाचा आहे, आणि खरं सांगायचं तर तो काळाबरोबर संपलेलाही नाही. परदेशात नोकरी करणाऱ्याला आठवड्याच्या सुट्टीची किंमत समजावून सांगायला नको. शुक्रवारी संध्याकाळी बत्ह्यात पाय ठेवायला जागा नसते. ज्यांना तो एक दिवस मिळतो ते सगळे तिथे असतात. घरी पैसे पाठवायच्या रांगेत, फोनवर बोलत, गाववाल्याला शोधत. लोखंड्यांनी मागितली होती ती हीच गोष्ट.

म्हणून हॉस्पिटलचं मोल कमी होत नाही. दिनशॉंच्या दानाची यादी मोठी आहे आणि तीत माणसंही आहेत. जे. जे. हॉस्पिटलच्या आवारातलं स्त्रिया व मुलांचं हॉस्पिटल त्यांचं. रत्नागिरीच्या कुष्ठरोग्यांच्या आश्रमाला त्यांचं नाव आहे, हे आपल्या कोकणातल्या मंडळींना ठाऊक असेल. आज ज्या व्हीजेटीआयची इंजिनियर मुलं आखातभर पसरली आहेत, ती संस्था १८८९ मध्ये भायखळ्याला सुरू झाली तेव्हा तिच्या जागेच्या सोयीत त्यांचा हात होता. इराणमध्ये राहिलेल्या जरथुष्ट्री लोकांवरचा जिझिया कर १८८२ मध्ये रद्द झाला, त्यासाठी खटपट करणाऱ्या मुंबईच्या संस्थेचे ते अध्यक्ष होते. १८८६ मध्ये मुंबईचे शेरीफ, १८८७ मध्ये सर, असे मान मिळत गेले. ५ मे १९०१ ला त्यांचं निधन झालं.

त्यांची पदवी नातवाकडे गेली. या गादीवर जो येईल त्यानं ‘दिनशॉ माणेकजी पेटिट’ हेच नाव लावायचं असा कायदाच झाला होता, त्यामुळे पुष्कळांचा घोटाळा होतो. जीनांशी १९१८ मध्ये लग्न करणारी रतनबाई पेटिट ही या दुसऱ्या दिनशॉंची मुलगी, म्हणजे आपल्या दिनशॉंची पणती.

शेठ गेले, पुढे गिरण्याही गेल्या. १९८२ च्या संपानंतर गिरणगावचं काय झालं ते आपण सगळ्यांनी पाहिलं. भोंगे बंद झाले, चिमण्यांच्या जागी टॉवर आले. खटारे रस्त्यावरून दिसेनासे झाले. व्हिक्टोरियांनाही २०१५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं बेकायदा ठरवलं. बैलघोडा हॉस्पिटलचे बैल आणि घोडे गेले, पण हॉस्पिटल राहिलं. आता तिथे कुत्री-मांजरं घेऊन लोक येतात, आणि संक्रांतीच्या दिवसांत मांज्यानं पंख कापलेले पक्षी येतात.

आणि १८३२ चा तो कुत्र्यांचा प्रश्न? तो काही मिटलेला नाही. मुंबईत कुत्री मारणं पालिकेनं १९९० च्या दशकात थांबवलं आणि त्याऐवजी नसबंदी व रेबीजची लस हा मार्ग धरला. २००१ मध्ये केंद्राचे नियम आले, २०२३ मध्ये ते नव्यानं लिहिले गेले, आणि २०२५ च्या ऑगस्टमध्ये दिल्लीच्या भटक्या कुत्र्यांवरून सर्वोच्च न्यायालयाला अकरा दिवसांत दोन आदेश द्यावे लागले. ज्यांच्या मुलाला कुत्रं चावलं त्यांचंही खरं, आणि ज्याला मुकं जनावर मारवत नाही त्याचंही खरं. दोघांना पुरेल असं उत्तर शेवटी पेटिट शेठच्याच वाटेवर मिळतं: जनावर पकडायला माणसं हवीत, ठेवायला जागा हवी, लस टोचायला डॉक्टर हवा आणि वर्षानुवर्षं पुरणारा पैसा हवा.

आपण इथे राहतो तिथेही हे लागू आहेच. आखाती देशांनी मिळून केलेला प्राण्यांच्या कल्याणाचा कायदा सौदीत २०१३ मध्ये मंजूर झाला, आणि जनावराचे हाल करणाऱ्याला त्यात जबर दंड आहे. बत्ह्याच्या गल्ल्यांत हॉटेलांच्या मागच्या दारी मांजरं बसलेली असतात. उन्हाळ्यात पंचेचाळीस अंशांवर पारा गेला की गाड्यांच्या खालची सावली हाच त्यांचा निवारा. दुकानदारांपैकी कुणी ना कुणी त्यांच्यासाठी पाण्याचं भांडं ठेवतो. आपल्या इमारतीच्या जिन्याखाली एक भांडं ठेवायला आणि गाडी सुरू करण्याआधी बॉनेटवर एक थाप मारायला काहीच लागत नाही. मुलांना हे करायला लावलं तर वसुबारस म्हणजे काय ते त्यांना वेगळं सांगावं लागणार नाही.

आणि मंडळी, पुढच्या सुट्टीत मुंबईला गेलात आणि कुणाला भेटायला केईएमला किंवा टाटाला जाणं झालं, तर पाच मिनिटं काढून पलीकडे बैलघोड्याच्या फाटकातही डोकावा. देणगीची पावती तिथे मिळते. पंधरा रुपये पगारावर सुरुवात केलेल्या माणसानं लावलेलं ते झाड आहे, पण त्याला पाणी अजून रोज घालावं लागतं.